गुलमर्ग की निसेको? बॅककंट्रीसाठी कुठे जायचं

मालवणहून मावसभावाने विचारलंय, गाईड घेऊन बॅककंट्री स्की (म्हणजे रिसॉर्टच्या तयार उतारांबाहेर, मोकळ्या डोंगरात) करायची तर कुठे, काश्मीरमधलं गुलमर्ग की जपानमधलं निसेको. दोन्हीकडे जाऊन आलोय म्हणून लिहितो.

खर्चात गुलमर्ग सरळ स्वस्त, मुंबई-श्रीनगर विमान आणि पुढे साधारण ५० किमी गाडी. निसेकोला व्हिसा, लांबचं विमान, गाईडचे पैसे येनमध्ये.

पण उंची बघ रे. गुलमर्गची गोंडोला (केबल कार) अफरवट डोंगरावर जवळजवळ ३,९५० मीटरवर सोडते, आपण समुद्राकाठची माणसं, मला तर बुटाचं बकल लावतानाच धाप लागली, आधी दोन दिवस खाली काढायचेच. निसेकोचा अन्नुपुरी डोंगर १,३०८ मीटर, कळसूबाईपेक्षा कमी.

बर्फ निसेकोचाच भरवशाचा. सायबेरियाचा वारा जपानच्या समुद्रावरून ओल घेऊन डोंगराला धडकतो, आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात होतं तसंच, जानेवारीत जवळपास रोज नवा भुसभुशीत थर. गुलमर्गचे उतार मोठे, उघडे, तिथे फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडल्या गेलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं दोन्हीकडे हवंच, आणि वापरायची सवय पण.

पाय पक्के असतील, बजेट कमी असेल तर गुलमर्ग. पहिलीच बॅककंट्री असेल तर पैसे साठव आणि निसेकोला जा.