कलिंगड कापायचं कसं: फोडी, कांड्या, चौकोनी तुकडे, गोळे की टोपली?

कलिंगड कोणत्या आकारात कापायचं हे ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. खाणारी माणसं कुठे आणि कशी खाणार आहेत, आणि कापल्यापासून शेवटचा तुकडा संपेपर्यंत किती वेळ जाणार आहे. शोभेचा विचार त्यानंतर. कारण कापलेला पृष्ठभाग जितका जास्त, तितका रस लवकर सुटतो आणि फळ लवकर मऊ पडतं. मोठी फोड तासभर तग धरते, तोच गर बारीक तुकड्यांत असला की अर्ध्या तासात वाटीच्या तळाशी पाणी दिसायला लागतं.

खालचे सगळे हिशोब साधारण 5 किलोच्या गोल कलिंगडाचे आहेत. त्याचा व्यास 21-22 सेंमी भरतो. साल, पांढरा भाग आणि टोकं गेल्यावर लाल गर 3 किलोच्या आसपास मिळतो. साल जाड असेल तर त्याहून कमी.

कापण्याआधी, आकार कुठलाही असो

फळ वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा आणि कोरडं पुसा. सालीवरची माती आणि जंतू सुरीबरोबर थेट गरात जातात, म्हणून "साल तर टाकायचीच आहे" हा विचार इथे चालत नाही. पाटाखाली ओला नॅपकिन घाला, नाहीतर पहिल्याच कापाला पाट सरकतो. सुरी 20-25 सेंमी पात्याची आणि धारदार हवी. अख्खं कलिंगड विळीवर घेऊ नका. ते दोन्ही हातांत धरून पात्यावर दाबावं लागतं आणि साल फुटली की हात पुढे जातो. सुरीने चार भाग केल्यावर विळी चालेल. ज्या पाटावर कांदा-लसूण चिरता, तो मात्र टाळा. कलिंगडाला स्वतःचा वास फार थोडा, त्यामुळे कांद्याचा वास लगेच धरतो.

अख्खं फळ गार व्हायला अख्खी रात्र फ्रीजमध्ये जाते. तुकडे तास-दीड तासात गार होतात. पाहुणे संध्याकाळी येणार आणि फळ दुपारी आणलं, तर निवड आपोआप तुकड्यांकडे झुकते.

त्रिकोणी फोडी आणि सालीसकट कांड्या

उभ्या-बसल्या, हातात धरून खायचं असेल तर लढत या दोघांत आहे.

फोडींसाठी फळाचे उभे चार भाग करा आणि प्रत्येक भागाचे आडवे 2 सेंमी जाडीचे काप घ्या. चांगल्या 30-32 फोडी होतात, शिवाय टोकांचे लहान तुकडे. फोडीचा मोठा गुण म्हणजे न्याय. कलिंगडाचा सर्वांत गोड भाग मधला गाभा, आणि प्रत्येक फोडीच्या टोकाला तो थोडा थोडा येतो. दोष असा की खाताना सालीजवळ पोचेपर्यंत गाल आणि हनुवटी ओली होते. रेशमी साडीत किंवा पांढऱ्या कुर्त्यात आलेल्या पाहुण्यांना हे देऊ नये. फोड 1.5 सेंमीहून पातळ केली की हातात वाकते आणि टोक तुटून खाली पडतं.

कांड्यांसाठी फळ मधोमध दोन भागांत कापा आणि कापलेली बाजू पाटावर खाली ठेवा. वरून साल दिसते आहे अशा स्थितीत 3 सेंमी अंतराने समांतर काप द्या. पूर्ण कापलेला अर्धा भाग हातांनी एकत्र धरून पाट फिरवा आणि पहिल्या कापांना काटकोनात तसेच काप द्या. प्रत्येक कांडीच्या एका टोकाला सालीची टोपी राहते, तीच पकड. अर्ध्या फळातून साधारण 30 नीट कांड्या निघतात. कडेच्या आखूड असतात आणि त्यांत पांढरा भागच जास्त, त्या वेगळ्या काढून ठेवा. लहान मुलांसाठी याच्याइतका सोयीचा काप नाही, कारण तोंडात जाईल एवढ्याच रुंदीचा घास मिळतो आणि हात सालीवर राहतो. बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: दुसऱ्या दिशेचे काप देताना फळ नीट धरलेलं नसतं, मग काप उघडतात आणि मधल्या उंच कांड्या मोडतात. फळ जास्त पिकून रवाळ झालं असेल तर कांड्या करूच नका, फोडी करा.

फोडीला काडी लावून "कुल्फी" करायची असेल, तर सालीच्या मधोमध सुरीच्या टोकाने 2 सेंमी खोल चीर पाडून मग आइस्क्रीमची काडी खोचा. चीर न पाडता काडी दाबली की फोड उभी चिरते. फ्रीझरमध्ये 2-3 तास पुरे. एकदा गोठलेला गर वितळला की लगदा होतो, म्हणून या फोडी गोठलेल्याच द्यायच्या.

चौकोनी तुकडे

डब्यात न्यायला, वाट्यांत वाढायला आणि चाळीस माणसांच्या हळदीकुंकवाला हाच काप. दोन्ही टोकं कापून फळ उभं करा आणि वरून खाली, गोलाईच्या बाजूने सुरी फिरवत साल उतरवा. पांढरा भाग राहिला तर तुकडा पांचट लागतो, म्हणून एक फेरी झाल्यावर पुन्हा नजर टाका. मग 2.5 सेंमीचे काप, पट्ट्या आणि तुकडे. असा एक तुकडा साधारण 15 ग्रॅमचा भरतो. दहा तुकड्यांची वाटी म्हणजे 150 ग्रॅम, आणि 5 किलोच्या एका फळात अशा 20 वाट्या. चाळीस जणींसाठी दोन फळं लागतात. तिसरं जास्तीचं आणून ठेवावं, कारण आत पांढरट निघालेलं फळ कापल्यानंतर पिकत नाही.

तुकड्यांत गाभा आणि कडेचा गर वेगळा पडतो. एकीच्या वाटीत सगळे गोड तुकडे आणि दुसरीच्या वाटीत सगळे फिके, असं होऊ नये म्हणून मोठ्या भांड्यात हलक्या हाताने खालीवर करून मगच वाट्या भरा.

बिया आधीच काढायच्या असतील तर क्रम बदला. फळ आडवं कापा, म्हणजे देठ एका अर्ध्याला आणि बूड दुसऱ्याला. प्रत्येक अर्ध्याचे चार भाग करा. कापलेल्या बाजूवर बियांची ओळ दिसते. त्या ओळीवरूनच सुरी चालवून वरचा गाभा उचलून बाजूला घ्या. बहुतेक बिया दोन्ही तुकड्यांच्या पृष्ठभागावर उघड्या पडतात, त्या काट्याने खरवडून टाका आणि मग साल काढा. वेळ दुप्पट लागतो, पण वयस्कर माणसं आणि लहान मुलं असतील तर तो द्यावा.

मीठ आणि चाट मसाला कधीही आधी घालू नका. मीठ गरातलं पाणी बाहेर ओढतं, दहा-पंधरा मिनिटांत तुकडे मलूल होतात आणि मसाला तळाच्या पाण्यात जाऊन बसतो. पादेलोण, जिरेपूड आणि लिंबाची फोड बाजूला ठेवा, ज्याचं त्याने घ्यावं.

गोळे

स्कूपरने काढलेले गोळे काचेच्या पेल्यात, वर पुदिन्याचं पान लावून, फार सुरेख दिसतात. पण दोन गोळ्यांच्या मधला गर उरतो, साधारण तीनातला एक भाग. तो सरबताला वापरायची तयारी असेल तरच हा मार्ग धरा. बिया आड येतात, म्हणून बिया कमी असलेलं फळ निवडा. स्कूपर गरात पूर्ण दाबून मग फिरवायचा. अर्धवट दाबला तर गोळ्याला एक बाजू सपाट राहते. आठ-दहा माणसांच्या जेवणानंतर ठीक, चाळीस माणसांसाठी हात दुखतील.

कुकी कटरने तारे, फुलं काढण्याचंही तेच. मुलांच्या वाढदिवसाला दहा-बारा तारे ताटात वर मांडले की पुरतात, खाली साधे तुकडे असावेत. काप 1.5 सेंमीचा घ्या, त्याहून जाड कापात कटर आरपार जात नाही.

टोपली आणि कमळ

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतच्या हळदीकुंकवांत गौरीपुढच्या आराशीत कोरलेलं कलिंगड असतंच, आंबेडाळ आणि पन्ह्याच्या शेजारी. इथे आमचं मत ठाम आहे: कोरायचं एक, खायचं दुसरं. आरास दुपारपासून रात्रीपर्यंत बाहेर असते. कापलेलं कलिंगड साध्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासातच संपवावं किंवा फ्रीजमध्ये घालावं. एप्रिलच्या दुपारी महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी दुसराच नियम लागू होतो. टोपलीत भरून चार तास मांडलेला गर मग पाहुण्यांना देणं बरोबर नाही.

टोपलीसाठी 6 किलोच्या पुढचं लांबट फळ घ्या. बुडाला अर्धा सेंमीचा काप काढला की ते डगमगत नाही. यापेक्षा खोल गेलात तर तळ पातळ होऊन गळतो. वरच्या तिसऱ्या भागावर पेनाने नागमोडी रेघ आखा आणि 8-10 सेंमीच्या लहान सुरीचं टोक थेट मध्यापर्यंत खुपसत त्या रेघेवर तिरके काप जोडत जा. दोन काप एकमेकांना भिडले नाहीत तर झाकण ओढताना दात तुटतात. गर काढताना भिंत 2 सेंमी ठेवा, मग टोपली 20 मिनिटं पालथी ठेवून निथळू द्या. न निथळता भरली तर वरचे तुकडे ताजे आणि खालचे पाण्यात बुडालेले, अशी अवस्था होते.

कमळ टोपलीपेक्षा सोपं, हे बऱ्याच जणींना खरं वाटत नाही. गडद हिरव्या-काळ्या सालीचं, 2-3 किलोचं लहान फळ घ्या आणि वरच्या अर्ध्या भागावरची हिरवी साल सोलाण्याने पातळ काढा. आता पांढरा थर दिसतो. मधोमध लहान गोल आखून त्याभोवती तिरपी सुरी घालून पाकळ्या कापा आणि प्रत्येक पाकळीमागचा गर पाचरीसारखा काढून टाका. पांढऱ्या कडेची पाकळी, आत गुलाबी, त्यामागे लाल असे रंग आपोआप उमटतात. आदल्या रात्री करून ओल्या मलमलीत गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवता येतं. मांडल्यावर तासातासाने पाण्याचा हलका फवारा द्या.

फळ उघडल्यावर बेत बदलायचा तर

आत मोठी पोकळ भेग निघाली तर घाबरू नका, फळ खायला चांगलंच असतं. पण कांड्या, गोळे आणि तारे बाद, त्रिकोणी फोडींत भेग झाकली जाते. गर पिठूळ असेल तर फक्त सरबत. आंबूस वास किंवा बुळबुळीत गर असेल तर अख्खं फळ टाका.

मोठ्या बैठकीत एक फळ कापून वाढा आणि दुसरं तोपर्यंत बंदच ठेवा. वाढण्याचं ताट बर्फाचे खडे पसरलेल्या परातीत ठेवलं तर तुकडे गार राहतात. उरलेले तुकडे झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, तीन दिवसांत संपवा.

सालीचा उपयोग करणार असाल तर चौकोनी तुकडेच करा, कारण फोडींची साल उष्टी होते आणि तुकड्यांची स्वच्छ हाती येते. वरची हिरवी साल सोलून पांढऱ्या भागाचे बारीक तुकडे करा. 1 वाटी तांदूळ 4 तास भिजवून, निथळून, 2 वाट्या तुकड्यांबरोबर वाटा. पाणी घालू नका, पांढऱ्या भागाचं पाणी पुरतं. मीठ आणि चिमूटभर गूळ घालून लगेच बिडाच्या तव्यावर घावन घाला, झाकण ठेवून मंद आचेवर. पीठ तासभर तसंच राहिलं तर पाणी सुटून पातळ होतं, तेव्हा दोन चमचे तांदळाचं पीठ मिसळा.