शेवर्लेची पेट्रोलची टाकी केबिनमधून हौद्याखाली: नाशिकच्या अंबडमधल्या एका वर्कशॉपचा अनुभव

आधी निकाल सांगतो. काम चोख, वेळेची बोंब, आणि बिल ठरलं तेवढंच. वर्कशॉपचं नाव टाकत नाही, कारण मालकांनीच बजावलंय, "काका, नाव टाकू नका, आहेत तीच कामं उरकत नाहीत."

गाडी १९५१ची शेवर्ले पिकअप, शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना चालू होता त्या काळातली. आजोबांपासून घरात आहे. या मॉडेलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे उभी. अमेरिकेत शेवर्लेने पिकअपमध्ये ही पद्धत १९७२ पर्यंत चालवली. म्हणजे साठ-पासष्ट लिटर पेट्रोलला पाठ टेकून गाडी हाकायची! पूर्वी त्याचं काही वाटायचं नाही. पण आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आणि टाकीतलं पेट्रोल मोजणाऱ्या फ्लोटचं कॉर्कचं पॅकिंग, नळीचं जुनं रबर सगळं फुगून गळायला लागलं. (आमच्या निफाडचा ऊस असा सूड घेईल असं वाटलं नव्हतं.) एप्रिलच्या उन्हात काचा लावल्या की डोकं भणभणायचं. सौ. तर गाडीत बसेनात.

आधी दुसऱ्या एका ठिकाणी विचारलं होतं. तिथे मिस्त्री गॅस कटर घेऊनच उभा. म्हणे चेसिसची, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याची, मधली आडवी पट्टी उडवू, टाकी आरामात बसेल. मी गाडी तशीच माघारी आणली. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या खासगी गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं असेल तरच. चेसिस कापली की तो विषय संपला.

अंबडवाल्यांनी कुठे कापलं नाही, चेसिसला वेल्डिंगचा एक टाका मारला नाही. मागच्या एक्सलच्या पलीकडे माझी स्टेपनी लटकायची, तिथे त्यांनी आधी पुठ्ठ्याची टाकी करून बसवून पाहिली. मग स्टेनलेस पत्र्याची पन्नास लिटरची खरी टाकी. जुन्याच भोकांत बोल्ट, दोन पट्ट्या, पट्ट्यांखाली रबर. उद्या काढायची म्हटली तर पान्याने निघेल. जुनी टाकी धुऊन, तेल फिरवून परत दिली.

आत दोन आडव्या पट्ट्या आहेत, पेट्रोल हिंदकळू नये म्हणून, आणि ओढायची नळी मधोमध. मुद्दाम पाव टाकीवर नांदुरीचा घाट चढवून सप्तशृंगी गडावर गेलो, इंजिन एकदाही अडखळलं नाही. पेट्रोलची लाइन सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने नेलीय. टाकी आता इंजिनवरच्या पेट्रोल पंपापेक्षा खाली आहे, त्यामुळे गाडी रात्रभर उभी राहिली की पेट्रोल मागे उतरायचं आणि सकाळी सेल्फ मारत बसावं लागायचं. तक्रार केल्यावर त्यांनी लाइनमध्ये एकतर्फी व्हॉल्व्ह टाकला, पैसे न घेता.

मला सगळ्यात आवडलं ते पेट्रोलच्या काट्याचं काम. जुन्या शेवर्लेचा काटा फ्लोटच्या विजेच्या रोधावर, रिकामी ते भरलेली टाकी म्हणजे शून्य ते तीस ओहमवर चालतो. बाजारात नव्वद ओहमचा फ्लोट सहज मिळतो, पण तो लावला तर टाकी तिसरा हिस्सा उरली तरी काटा 'फुल'वरच. इथल्या पोराने मीटर लावून हे आधीच ओळखलं, माझाच जुना फ्लोट साफ केला आणि त्याचा दांडा नव्या टाकीच्या खोलीला बेतून दिला. टाकी रबरावर बसलीय, रबरातून वीज जात नाही, म्हणून चेसिसपर्यंत अर्थिंगची वेगळी वायर. भरायच्या नळीलाही तीच, कारण मधे रबरी पाइप आहे.

उणं काय? भरायचं तोंड हौद्याच्या फळीत, मागच्या कोपऱ्यात, झाकणाखाली आहे. हौद्यात क्रेट असतील तर आधी ते हलवा. पाथर्डी फाट्याच्या पंपावर पहिल्यांदा नोझल दर दोन लिटरला कट होत होतं, पोरगा वैतागला. टाकीतली हवा बाहेर सोडणारी नळी जाड केल्यावर ते थांबलं. स्टेपनी आता हौद्यात लोळते. आणि "पुढच्या आठवड्यात देतो" हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की शेवटी मी फोन करणंच सोडलं.

बेचाळीस हजार झाले, टाकी-फिटिंग धरून. जाणार असाल तर जुना फ्लोट आणि काटा दोन्ही सोबत न्या, आणि चेसिसला वेल्डिंग नको हे कागदावर लिहून घ्या. शनिवारी बंद असतं.