जुना बर्नर बदलताना: तेवढ्याच क्षमतेचा की लहान?

आधी एक मोजणी करा. बॉयलर तासाला किती वेळा विझतो आणि पुन्हा पेटतो? चार-सहा वेळा होत असेल, तर बर्नरची किमान आचसुद्धा तुमच्या लोडला (वाफेच्या गरजेला) जास्त आहे. पेटण्याआधी पंखा दर वेळी फर्नेसमधून थंड हवा फिरवतो. ही पर्ज सुरक्षेसाठी लागतेच, पण ती नळ्यांमधली उष्णता चिमणीवाटे घेऊन जाते. शिवाय सतत तापून-निवून नळ्यांचे सांधे थकतात.

समजा, बॉयलर 5 टनी (तासाला 5 टन वाफ देणारा) आहे, सरासरी लोड 1.5 टन आणि शिखर 3 टन. जुन्या बर्नरचा टर्नडाउन (कमाल आणि किमान आचेचं प्रमाण) 3:1 असेल, तर तो 1.7 टनाखाली उतरत नाही, म्हणजे सरासरी लोडलाच विझतो. त्याच्या जागी 3.5 टनाचा, 5:1 टर्नडाउनचा बर्नर बसवला तर किमान 0.7 टन मिळते. 5 टनाचाच पण 10:1 चा नवा घेतला तर 0.5 टन. मोठा बर्नर इंधन खातोच, ही समजूत म्हणूनच अर्धी खरी आहे.

तरीही माझा कल लहानाकडे आहे. कारण टर्नडाउनचा आकडा तळाच्या आचेवर ज्वलन कसं होतं ते सांगत नाही. मधल्या आणि वरच्या आचेवर गॅस बर्नर धुरात 3 टक्के ऑक्सिजन ठेवून स्वच्छ जळतो. तळाशी ज्योत स्थिर ठेवायला हवा जास्त द्यावी लागते आणि ती फुकट तापून चिमणीतून जाते. 1.5 टनावर लहान बर्नर 43 टक्क्यांवर चालतो, मोठा 30 वर. पंख्याची मोटर आणि गॅस ट्रेनही (बर्नरला गॅस देणारी झडपा-नळ्यांची जोडणी) लहान होते.

जुनाच दुरुस्त करायचा पर्याय मी फारसा धरत नाही. लिंकेजचे (हवा आणि इंधनाच्या झडपा एकत्र फिरवणाऱ्या दांड्यांचे) सांधे झिजले की हवा आणि इंधनाचं प्रमाण पुन्हा तेच येत नाही, म्हणून ट्यूनिंग करणारा हवा सढळ सोडतो. सर्व्होमोटरने (झडप नेमक्या जागी फिरवणाऱ्या छोट्या मोटरने) ही अडचण बरीच सुटते.

मोठ्याची बाजू पक्की ठरते ती शिखराच्या वेळी. सगळी यंत्रं एकदम वाफ ओढू लागली आणि बर्नर पुरा पडला नाही, तर दाब कोसळतो, पाणी उसळतं आणि वाफेबरोबर लाइनमध्ये जातं. म्हणून सरासरीवर निर्णय घेऊ नका. स्टीम फ्लो मीटरची काही आठवड्यांची नोंद काढा आणि सर्वांत जड पंधरा मिनिटं शोधा. शिखर 3.5 टनाच्या जवळ जात असेल किंवा उत्पादन वाढणार असेल, तर तेवढ्याच क्षमतेचा घ्या.

एक तोटा कोणताही बर्नर भरून काढत नाही. बॉयलरच्या अंगातून बाहेर पडणारी उष्णता लोड कमी झाला तरी जवळपास तेवढीच राहते: पूर्ण लोडला 1 टक्का असेल, तर 1.5 टनावर ती 3 टक्क्यांपुढे जाते. लोड कायमचा एका टनाखाली आला असेल, तर लहान बॉयलरचाच हिशोब मांडा.

आच कमी झाली की चिमणीचं तापमान उतरतं. साधारण 20 अंश उतरले की कार्यक्षमता 1 टक्का वाढते. मात्र गंधक असलेलं तेल जाळत असाल, तर 130 अंशांच्या आसपास आम्ल जमून पत्रा खायला लागतं, तेव्हा तिथे सांभाळा. सेफ्टी व्हॉल्व्ह बॉयलरच्या क्षमतेचाच ठेवा.

ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराला तुमच्या फर्नेसची लांबी, व्यास आणि बॅक प्रेशर (धूर बाहेर ढकलताना बर्नरला मिळणारा उलटा दाब) द्या, आणि तळाच्या, मधल्या व पूर्ण आचेवरचे ऑक्सिजन व कार्बन मोनॉक्साइडचे आकडे लेखी मागा.