विमानात जेवायचं की रेल्वेच्या डब्यात?

पोराचा वाढदिवस, आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस, नाहीतर नुसतंच ‘या रविवारी काहीतरी वेगळं करू’. असं काही निघालं की हल्ली दोन नावं हमखास पुढे येतात: हायवेच्या कडेला उभं केलेलं निवृत्त विमान, किंवा स्टेशनच्या आवारात रुळांवर ठेवलेला जुना डबा. दोन्ही हौशी सहकुटुंब भागवून झाल्यात. जेवणाबद्दल फार लिहीत नाही, कारण मेन्यूकार्डं अदलाबदल केली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. तेच पनीर टिक्का, तेच हाका नूडल्स, आणि बिलात थोडे जागेचे पैसे. फरक आहे तो बसण्या-उठण्यात.

आधी विमान. आपल्याकडच्या अशा हॉटेलांत एअरबस ए-३२० बरीच दिसतात. लुधियानाचं ‘हवाई अड्डा’ २०१६चं, वडोदऱ्याच्या तरसाली बायपासवरचं २०२१चं. ते बंगळूरच्या कंपनीकडून सुमारे १ कोटी ४० लाखांना घेतलेलं. (तिथे बारचा विषय निघत नाही, गुजरात आहे!) विमान विकत घेणं सोपं, ते रस्त्यानं आणणं अवघड. नोव्हेंबर २०२२मध्ये कोचीहून हैदराबादकडे हॉटेलासाठी निघालेलं एक विमान आंध्रात बापटला जिल्ह्यातल्या एका अंडरपासमध्ये चक्क अडकून बसलं होतं.

लांबून विमान बघताना जी मजा येते तिला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. रिकाम्या शेतांच्या मधोमध ते शेपूट दिसलं की गाडीतली सगळी पोरं एका बाजूला सरकतात. गेलात तर चाकं मोजा. इंडियन एअरलाइन्सनं १९८९पासून घेतलेल्या ए-३२०ना पंखाखाली प्रत्येक बाजूला दोनऐवजी चार चाकं होती. कमी ताकदीच्या धावपट्ट्यांवर वजन विभागलं जावं म्हणून खास तशी करून घेतलेली. चार दिसली तर समजायचं, हे आपल्या जुन्या सरकारी कंपनीचंच. आमच्या मुलाला मात्र चाकांपेक्षा कॉकपिटचं वेड. आत शिरला आणि स्टिअरिंग शोधत राहिला. एअरबसमध्ये ते नसतंच, बाजूला एक छोटी दांडी असते, आणि इथे तीही कोणीतरी काढून नेलेली. निम्म्या मीटरांच्या जागी गोल भोकं. तरी गडी अर्धा तास खूष.

आता माझं घोडं जिथे अडलं ते सांगतो. हात धुणं!

आम्ही ज्या विमानात जेवलो (नाव घेत नाही, माणसं चांगली होती) त्यात पाण्याची सोय वर नव्हती. बेसिन आणि टॉयलेट दोन्ही खाली, पंखाच्या पलीकडे. चाकांवर उभ्या ए-३२०चा दरवाजा जमिनीपासून जवळपास साडेतीन मीटरवर असतो, म्हणजे सरळ एक मजला. आपण हातानं जेवणारी माणसं. जेवणाआधी एकदा, नंतर एकदा, आणि मधे पोरानं केकचं क्रीम कोपरापर्यंत फासलं की आणखी एकदा. त्यात खिडकीकडचा माणूस उठला की बाकड्यावरच्या सगळ्यांनी उठायचं. भिंत डोक्याशी आत झुकलेली, म्हणून त्यालाही वाकूनच सरकावं लागतं. आमच्या मामींच्या गुडघ्यांना तो जिना एकदाच जमला. नंतर त्यांच्यापुढे कोमट पाण्याची वाटी आणि लिंबाची फोड आली. नानच्या तुपानं माखलेली बोटं त्या वाटीत बुचकळून त्या म्हणाल्या, “एवढं वर आणून बसवलंत, आता उतरवणार कोण?” वेटरनं हात देऊन उतरवलं, पण पुढचा सगळा वेळ त्या खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर होत्या आणि आइस्क्रीम खाली पाठवावं लागलं.

आता डबा. मध्य रेल्वेनं ऑक्टोबर २०२१मध्ये सीएसएमटीला १८ नंबरच्या प्लॅटफॉर्मशेजारच्या हेरिटेज गल्लीत आपलं पहिलं ‘रेस्टॉरंट ऑन व्हील्स’ सुरू केलं. पुढच्याच वर्षी नागपूर स्टेशनलाही झालं. तिकिटांपलीकडचं उत्पन्न मिळवण्याची ही रेल्वेची योजना, त्यामुळे डबा रेल्वेचा आणि धंदा ठेकेदाराचा. एलएचबी हे नव्या धाटणीचे डबे आल्यावर आयसीएफ नावाचे जुने निळे डबे निवृत्त होऊ लागले, त्यांतलेच हे.

कागदावर विमानच मोठं. ए-३२०ची केबिन आतून ३.७ मीटर रुंद, आयसीएफ डबा बाहेरून मोजला तरी सव्वातीनच मीटर. बसल्यावर मात्र उलटं वाटतं. डब्याच्या भिंती सरळ, खिडक्या रुंद, आणि बाहेर बघायला मान वाकडी करावी लागत नाही. विमानाच्या खिडकीतून आम्हाला दिसलं ते पार्किंग, तेही एका डोळ्यानं. मी बसलो त्या डब्यात बेसिन दरवाजाजवळच होतं, रेल्वेनं वर्षानुवर्षं ठेवलं तिथेच. चढायला दोन-तीन पायऱ्या. मामी स्वतः उठून हात धुऊन आल्या, आणि येताना शेजारच्या टेबलाशी ओळख काढून आल्या.

डब्यात सगळं गोड आहे असं नाही. शेजारून गाडी गेली की बोलणं थांबवावं लागतं. एसीचा आवाज घुमतो. भिंतीवर डबेवाला, लोकल, गेटवे वगैरे चित्रांचा मारा जरा अतीच असतो. कॉकपिटसारखं पोरांना दाखवायला काही नाही, इंजिन जोडलेलं नसतं. आमचा मुलगा पंधरा मिनिटांत कंटाळला, हेही खरं.

विमानाचा शहाणपणानं केलेला उपयोग बघायचा तर कोस्टा रिकातल्या मॅन्युएल अँटोनियो गावचं ‘एल आव्हियोन’ हे हॉटेल बघावं. फेअरचाइल्ड सी-१२३ जातीचं मालवाहू विमान, अमेरिकेनं निकाराग्वातल्या बंडखोरांना गुपचूप मदत पोचवली त्या इराण-कॉन्ट्रा प्रकरणातलं. त्याच्या जोडीचं विमान १९८६मध्ये निकाराग्वात पाडलं गेलं, मग हे सॅन होजेच्या विमानतळावर पडून राहिलं. २०००मध्ये ३,००० डॉलरला घेतलं, सुटे भाग करून डोंगरावर आणलं. पोटात बार आहे, पण जेवणाची टेबलं बाहेर, पंखाखाली, समुद्राकडे तोंड करून. आपल्या हायवेवाल्यांनी एवढं जरी उचललं तरी माझी निम्मी तक्रार संपेल.

तेव्हा, पार्टी दहा वर्षांच्या आतल्या पोरांची असेल आणि बरोबर सगळे धडधाकट असतील तर विमान घ्या. फोनवर एकच विचारा, बेसिन वर आहे का? ‘हो’ म्हणाले तर माझं वरचं बरंचसं लिखाण विसरा. घरात कोणाचे गुडघे कुरकुरत असतील, किंवा जेवण हातानं आणि निवांत हवं असेल, तर मी डब्याकडे बोट दाखवीन. तिथले ठेके ठरावीक मुदतीचे असतात, म्हणून डबा सध्या चालू आहे ना, हे निघण्याआधी विचारून घ्या. सीएसएमटीला जाणार असाल तर गाडी घरीच ठेवा, लोकलनं जा.