आयसीयूसाठी घेतलेला व्हिडिओ कोर्स: काही महिने वापरल्यावर

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यावर सोलापुरातल्या एका खाजगी आयसीयूत लागले आणि लगेच क्रिटिकल केअरचा इंग्रजी व्हिडिओ कोर्स घेतला. सोबत खिशात मावणारी लॅमिनेटेड कार्डं आली. नाइट ड्युटीला पेशंट शांत असेल तेव्हा चाळायची, बाकी अभ्यास घरी.

पैसे वसूल झाले ते इन्फ्युजनच्या, म्हणजे पंपाने शिरेतून सतत द्यायच्या औषधाच्या हिशोबावर. नॉरअ‍ॅड (नॉरअ‍ॅड्रेनालिन, बीपी वाढवणारं औषध) 4 मिग्रॅ, एकूण 50 मिलीत, म्हणजे मिलीला 80 मायक्रोग्रॅम. 60 किलोच्या पेशंटला मिनिटाला किलोमागे 0.1 मायक्रोग्रॅम द्यायचं तर पंप ताशी 4.5 मिलीवर. हा आकडा पाठ करून भागत नाही; वजन बदलतं, डायल्यूशन बदलतं. अँप्यूलवरचं माप बायटार्ट्रेटचं (औषधाच्या क्षाराचं) आहे की बेसचं (मूळ औषधाचं), हेही आधी वाचायचं, कारण 2 मिग्रॅ बायटार्ट्रेटमध्ये बेस साधारण 1 मिग्रॅच असतो. आमच्या इनचार्ज सिस्टर नव्या स्टाफकडून आधी कागदावर हिशोब मागतात, मग पंपाला हात. कटकट वाटते, पण बरोबर आहे.

व्हेंटिलेटरचे मोड (श्वास देण्याच्या पद्धती) त्यांनी फार ताणलेत. नवीन मुलीला आधी अलार्म कळायला हवेत. प्रेशर वाढलं तर सिक्रिशन (साठलेला स्राव), वाकलेली नळी, ट्यूब चावणं, ब्रॉन्कोस्पाझम (श्वासनलिका आवळणं), न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर हवा साठणं). कमी झालं तर सुटलेलं सर्किट किंवा ट्यूबच्या कफची (फुग्याची) गळती. बाहेरून नातेवाईक "सिस्टर, मशीन वाजतंय की ओ" म्हणत असताना मोडची व्याख्या कोण आठवत बसणार? सॅच्युरेशन पडतंय आणि कारण सापडत नाही, तर व्हेंटिलेटर काढून अँबू (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) लावा, डॉक्टरांना हाक मारा. हे कार्डावर ठळक आहे, शाबास.

एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) ठीक. ईसीजीत बारा लीडचे बारकावे नंतर बघा, आधी मॉनिटरवर व्हीटी-व्हीएफ (हृदयाचे जीवघेणे बिघडलेले ठोके) ओळखा आणि नाडी चाचपा.

मोठी उणीव वेगळीच. मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडून येणारे विषबाधेचे आणि सर्पदंशाचे पेशंट या कोर्सला माहीतच नाहीत. अ‍ॅट्रोपिन त्यांनी ब्रॅडिकार्डियापुरतं (नाडी मंदावण्यापुरतं) शिकवलंय: 1 मिग्रॅ, एकूण 3 मिग्रॅपर्यंत. ऑर्गनोफॉस्फरसच्या (कीटकनाशकाच्या विषबाधेच्या) पेशंटला मात्र फरक पडेपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट होतो. फोडलेल्या अँप्यूलचा ढीग बघून नवीन स्टाफ घाबरणारच. तिथे बघायचं ते छाती साफ झाली का, बगल कोरडी का, नाडी आणि सिस्टॉलिक (वरचं बीपी) 80 च्या वर आहेत का. नुसत्या डोळ्याच्या बाहुलीवर विसंबायचं नाही. उलट बाजूने भ्रम, ताप, पोट गप्प (आतड्यांचा आवाज नाही), असं दिसलं तर अ‍ॅट्रोपिन जास्त होतंय. सर्पदंशात वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीतच करायची. प्लास्टिक चालत नाही आणि मध्येच नळी हलवायची नाही. हे सगळं मी सिनियर स्टाफकडून लिहून घेतलं, नवी पेठेत झेरॉक्स काढून आणली आणि कार्डांच्या मागे चिकटवली.

पाचपैकी साडेतीन. सबस्क्रिप्शन पुन्हा भरणार नाही. तुम्ही घेणार असाल तर पहिल्या महिन्यात इन्फ्युजन आणि अलार्म एवढंच उरका, आणि आपल्या युनिटच्या ट्रॉलीत कोणती औषधं आहेत त्याची यादी शेजारी ठेवून बसा; यादीत नसलेल्या औषधांचे व्हिडिओ सरळ सोडून द्या.