सी ग्लास ज्वेलरी किट: बिट एक नंबर, पुडीतली काच मात्र नकली

किनाऱ्यावर वेचलेल्या सी ग्लासची, म्हणजे समुद्राने घासून गुळगुळीत केलेल्या काचांची, बरणी भरून नुसती पडली होती म्हणून हे किट ऑनलाइन मागवलं. आत काचेला भोक पाडायला ड्रिलला लावायचे डायमंड बिट, तांब्याची तार, एक पक्कड, कानातल्याचे हुक आणि वर "अस्सल सी ग्लास"ची पुडी. माझ्याकडून तीन स्टार, त्यातले अडीच बिटचे.

बिट खरंच भारी आहेत. काचेला साधं बिट चालत नाही, हिऱ्याची पूड बसवलेलंच लागतं, आणि यातलं 2 मिमीचं अजिबात थरथरत नाही. काच ताटलीत जेमतेम बुडेल एवढंच पाणी घ्या, ड्रिल बॅटरीवरचं असलेलं बरं, स्पीड कमी आणि जोर अजिबात लावायचा नाही, पाण्यामुळे बिट तापत नाही आणि काचेची पूडही उडत नाही. भोक अर्ध्यावर आलं की काच उलटी करून दुसऱ्या बाजूने पाडायचं, नाहीतर बिट आरपार निघताना मागून टवका उडतो. सगळ्यात जास्त काचा इथेच वाया जातात आणि माहितीपत्रकात नेमकं हेच नाही!

तार म्हणे तांब्याची. पकडीच्या दातांनी जरा खरवडली की आतून पांढरी दिसते. मुळात दागिन्यांच्या कामाला दाते असलेली पक्कड देतातच कशाला, गुळगुळीत तोंडाची हवी, नाहीतर प्रत्येक वेढ्यावर वण उठतात. बाहेरून 20 गेज जाडीची मऊ तांब्याची तार आणा, पेंडंटला तीच पुरते.

आता ती पुडी. सगळे तुकडे एकसारखे मॅट, कडा एकसारख्या, आणि निम्मे तर लाल-निळे. खऱ्या सी ग्लासमध्ये बाटल्यांचे हिरवे, तपकिरी, पांढरे रंगच जास्त सापडतात, गडद निळा कमी आणि लाल तर फारच दुर्मिळ. शिवाय वाळू-लाटांनी घासून काच अशी दुधाळ व्हायला कित्येक दशकं जातात, भिंगातून बघितलं तर तिच्यावर बारीक चंद्रकोरीसारखे खड्डे दिसतात. पुडीतल्यावर एकही नाही, म्हणजे मशीनमध्ये फिरवलेली किंवा अॅसिडने मॅट केलेली. तसं लिहून विकली असती तर माझी काही तक्रार नव्हती.

म्हणून काच स्वतःच वेचा, पण तिथले नियम बघून, कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅगच्या ग्लास बीचसारख्या ठिकाणी ती उचलायला बंदी आहे.

हुक वापरू नका, मैत्रिणीचे कान लाल झाले, बहुतेक निकेल असावं. सर्जिकल स्टीलचे वेगळे घ्या.