गोमोरा (२००८): यात हीरो शोधत बसू नका

चार स्टार. पाचवा का कापला ते पुढे सांगतो. आणि खाली शेवट पण फोडलाय, तेव्हा बघायचा असेल तर आधी बघून या.

मावसभावाबरोबर बघितला. तो गँगस्टर पिक्चरचा कट्टर फॅन आणि आमचं यावरून कायम वाजतं, मी म्हणतो या पिक्चरांनी पोरं बिघडतात, त्याचं ठरलेलं उत्तर की अरे शेवटी मरतोच ना तो, मग मिळाला की धडा. तर अर्धा तास गेल्यावर हाच गडी विचारतो, यात हीरो कोण आहे? मलाही सांगता येईना.

डायरेक्टर मात्तेओ गारोने, रोबेर्तो साव्हियानोच्या २००६ च्या पुस्तकावरून केलाय, आणि ते पुस्तक आल्यापासून साव्हियानो पोलीस संरक्षणात राहतोय यावरून विषय किती जिवंत आहे ते कळेल. इटलीतल्या नेपल्स आणि आसपासची कामोरा, म्हणजे तिथली माफिया. पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींना फारशा भेटतच नाहीत. मला सगळ्यात आवडला तो डॉन चिरो, नावात डॉन असला तरी काम काय तर जेलमध्ये असलेल्या मेंबर लोकांच्या घरी जाऊन दरमहाचे पैसे पोचवणं. मळकट जॅकेट, पडलेले खांदे, दारात उभं राहून नोटा मोजायच्या आणि घरातल्यांची कुरकुर ऐकायची की एवढ्यात भागत नाही. पेन्शन वाटणारा क्लार्क वाटतो हो अगदी! नंतर टोळीत फूट पडते तेव्हा जीव वाचवायला तो जे करतो ते बघताना राग पण येत नाही, नुसतं कसंतरी होतं.

आणि तो तोतो, तेरा वर्षांचा, किराणा पोचवणारा पोरगा. टोळीत घेताना पोरांना बुलेटप्रूफ जाकीट घालायला लावतात आणि समोरून गोळी झाडतात, झाली परीक्षा, आता तू मर्द. छातीवर उठलेला डाग तो नंतर आरशात बघत बसतो. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच त्यामुळे आता घाबरा, आता शिट्टी मारा असं कोणी सांगत नाही.

पण आमच्या भांडणाचा निकाल लावला तो मार्को आणि चिरोने (हा चिरो वेगळा, नावांचा गोंधळ होतो). ही दोन कार्टी एका ओसाड बंगल्यात १९८३ च्या ‘स्कारफेस’मधल्या गँगस्टर टोनी मोंटानाची नक्कल करत नाचत असतात. आता त्या पिक्चरच्या शेवटी टोनीची चाळण होते, ती या दोघांना माहीत नसेल असं थोडंच आहे, तरी व्हायचंय टोनीच. आणि हे नुसतं पिक्चरमधलं नाही, पुस्तकात आहे की तिथल्या एका खऱ्या टोळीवाल्याने त्या पिक्चरमधल्यासारखाच बंगला बांधून घेतला होता. मरणाने धडा मिळतो म्हणे!

तसं ही समजूत जुनीच. पहिला ‘स्कारफेस’ १९३२ चा, तेव्हाच्या सेन्सॉरवाल्यांना तो गुंडगिरीला डोक्यावर घेणारा वाटला म्हणून नावाला ‘देशाची लाज’ अशी शेपटी जोडली आणि हीरोला रीतसर फाशी होते असा दुसरा शेवट शूट करून घेतला. म्हणजे आधीचा दीड तास त्याची ऐट बघा आणि शेवटची पाच मिनिटं सुधरा. आपल्याकडे ‘वास्तव’मध्ये तर आईच स्वतःच्या पोराला गोळी घालते, आता यापेक्षा मोठा धडा कुठला, पण नक्कल कशाची होते? गळ्यातल्या सोन्याच्या साखळीची.

आता तो कापलेला स्टार. ही दोन कार्टी चोरलेल्या बंदुका घेऊन नुसत्या चड्डीवर पाण्याकाठी धडाधड गोळ्या झाडतात तो सीन. पिक्चरमध्ये तो केविलवाणा आहे, पण दिसतो जबरदस्त, आणि पिक्चरच्या प्रसिद्धीत पण हाच फोटो मिरवला. ज्याने पिक्चर बघितलाच नाही त्याला तो फोटो भारीच वाटणार ना! शिवाय यात काम केलेल्या काही जणांना नंतर खरोखरच्या गुन्ह्यांत अटक झाली, तेव्हा कॅमेऱ्यासमोर उभं राहून ते तरी काय शिकले देव जाणे.

बाकी तक्रारी किरकोळ. स्लो आहे, सव्वादोन तासांच्या वर आहे, पहिल्या तासात कोण कोणाच्या बाजूचा ते कळत नाही. विषारी कचऱ्याची गोष्ट चांगली आहे पण तुटक वाटली. सबटायटलशिवाय बघायला जाऊ नका, भाषा नेपल्सची बोली आहे, इटलीतच सबटायटल लावून दाखवला होता.

शेवट म्हणजे मार्को आणि चिरोला फसवून बोलावतात आणि मारतात. स्लो मोशन नाही, डायलॉग नाही. दोघांना उचलून बुलडोझरच्या फावड्यात टाकतात आणि तो बुलडोझर खडखडत निघून जातो, राडारोडा उचलावा तसा. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, चांगला आहे, पण मजा नाही आली यार. आणि मोबाईल काढून दुसरा पिक्चर शोधायला लागला.